म्युनिकहून आइंडहोव्हनला शिफ्ट झालो : रिलोकेशन सर्व्हिसचा सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग कारणं. घर शोधण्यासाठी एजन्सीला ५ पैकी साडेचार. परमिटच्या कामाला दोन. आणि ज्याला ते 'सेटलिंग इन' म्हणतात म्हणजे बँक, इन्शुरन्स, डॉक्टर, शाळा, त्यालाही दोनच. पॅकेज नवीन कंपनीने दिलं होतं, पैसे आमच्या खिशातून गेले नाहीत, पण मी तेच पॅकेज एका मैत्रिणीसाठी स्वतंत्र विचारलं तेव्हा काही हजार युरोचा कोट आला, त्यामुळे हा रिव्ह्यू स्वतःचे पैसे घालायचे की नाही या विचारात असलेल्यांसाठी जास्त आहे. एजन्सीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे अनुभव आले ते या धंद्यातल्या बहुतेकांचे सारखेच आहेत असं चार ठिकाणी विचारल्यावर लक्षात आलं.

आमची परिस्थिती अशी की मी म्युनिकमधे ब्लू कार्डवर (युरोपियन युनियनबाहेरच्या उच्चशिक्षित कर्मचाऱ्यांना मिळणारं राहायचं आणि कामाचं परमिट) दोन वर्षं काम केलं, नवरा माझ्यासोबत, मुलगी पाच वर्षांची (सांगलीत जन्मलेली), मुलगा म्युनिकमधेच झालेला आणि अजून वर्षाचाही नाही. २०२५ मधे नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनजवळच्या चिपवाल्या कंपनीची ऑफर आली. ऑफिसातले जर्मन, इटालियन सगळे म्हणाले अरे काय, सातशे किलोमीटर तर आहे, ट्रक भर आणि जा. त्यांच्यासाठी ते खरंच तेवढंच आहे, युरोपियन युनियनचा पासपोर्ट असला की नवीन शहरात जाऊन पत्ता नोंदवायचा, संपलं. आपल्या पासपोर्टवाल्यांसाठी शेंगनमधे सीमेवर कुणी अडवत नाही हे खरं, पण राहायचा आणि काम करायचा हक्क प्रत्येक देशाचा वेगळा, म्हणजे जर्मनीचं कार्ड घेऊन नेदरलँड्समधे फिरता येतं, नोकरी करता येत नाही. हे इमिग्रेशन दुसऱ्यांदा करणं आहे, आणि एजन्सीने ते तसं समजून घेतलं पाहिजे ही माझी मुख्य अपेक्षा होती. तिथेच ती कमी पडली.

परमिटचं आधी घेते कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि याच्यावर कुणी नीट बोलत नाही.

नेदरलँड्समधे आपले बहुतेक लोक येतात ते केनिसमिग्रांट म्हणजे हायली स्किल्ड मायग्रंट परमिटवर. कंपनी आयएनडीकडे (तिथलं इमिग्रेशन खातं) मान्यताप्राप्त स्पॉन्सर असली की ते परमिट फार पटकन मिळतं, कंपन्यांना आणि एजन्सीला त्याची सवय आहे, फॉर्म तयार असतात. आमच्या कन्सल्टंटनेही पहिल्याच कॉलवर तेच गृहीत धरलं. पण तुम्ही भारतातून थेट येत नसाल, दुसऱ्या युरोपियन देशातल्या ब्लू कार्डवरून येत असाल, तर तुमचा विचार वेगळा व्हायला पाहिजे. ब्लू कार्डचा नवीन कायदा (२०२१ चं डायरेक्टिव्ह) असं सांगतो की पहिल्या देशात ब्लू कार्डवर १२ महिने झाले असतील तर दुसऱ्या ब्लू कार्ड देशात व्हिसा न काढता जाता येतं, तिथे पोहोचल्यापासून एका महिन्याच्या आत तिथल्या ब्लू कार्डचा अर्ज टाकायचा, आणि पूर्ण अर्ज दिल्यापासून जास्तीत जास्त ३० दिवसांनी कामाला सुरुवात करता येते. पण खरा फायदा पुढे आहे. युरोपियन युनियनचं जे दीर्घकालीन रहिवासी स्टेटस असतं त्याला ५ वर्षं लागतात, आणि ब्लू कार्डवाल्यांना वेगवेगळ्या देशांतली वर्षं त्यात एकत्र मोजता येतात, अट अशी की अर्जाच्या लगेच आधीची २ वर्षं त्या देशात ब्लू कार्डवरच काढलेली पाहिजेत. म्हणजे माझी जर्मनीतली दोन वर्षं अधिक इथली तीन, झाली पाच. तेच मी इथे केनिसमिग्रांट म्हणून आले असते तर ती बेरीज मला मागता आली नसती, पाच वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून.

हे मी कन्सल्टंटला विचारलं तर त्या म्हणाल्या की दोन्ही परमिट सेमच आहेत, पगाराची अटही सेम आहे. पगाराचं बरोबर आहे, २०२५ मधे तिशीच्या वरच्यांसाठी दोन्हीकडे महिन्याला ५,६८८ युरो ग्रॉस होतं, हॉलिडे अलाउन्स धरून नाही. पण बाकी सेम नाहीये ना. शेवटी मी डायरेक्टिव्हचं ते कलम काढून कंपनीच्या एचआरला मेल केलं, एचआरने त्यांच्या वकिलाला विचारलं, वकिलाने एका ओळीत हो म्हटलं आणि मग ब्लू कार्डचा अर्ज गेला. काम झालं, पण ज्या गोष्टीसाठी एजन्सीला पैसे मिळतात ती गोष्ट मला त्यांना समजवावी लागली. त्यांच्याकडे येणारे बहुतेक क्लायंट बंगळुरू-पुण्याहून थेट येतात, त्यामुळे देशातून देशात जाणाऱ्यांची केस त्यांच्या चेकलिस्टमधे नाहीच. आणि हो, आयर्लंड आणि डेन्मार्क या ब्लू कार्डच्या व्यवस्थेत नाहीत, त्यामुळे डब्लिन किंवा कोपनहेगनचा विचार करणाऱ्यांना वरचं काहीच लागू होत नाही, तिथे त्यांचे त्यांचे नियम.

काही जण विचारतात की जर्मनीची परमनंट रेसिडेन्सी घेऊनच का नाही निघालीस. ब्लू कार्डवर ती २७ महिन्यांत मिळते, बी-वन पातळीचं जर्मन येत असेल तर २१, बरोबर आहे, पण ती फक्त जर्मनीपुरती असते आणि बाहेर राहायला गेलात की काही काळाने संपते. जर्मनीतच राहायचं असेल तर घ्या, नागरिकत्वही आता ५ वर्षांत आहे, तिथे चार वर्षं झालेल्या माणसाने शहर बदलण्याआधी दहादा विचार करावा असं मी मनापासून सांगेन. माझं क्षेत्र सेमीकंडक्टरचं, त्यासाठी आइंडहोव्हनसारखं दुसरं ठिकाण युरोपात नाही, म्हणून माझा निर्णय वेगळा.

टॅक्सची ३० टक्क्यांची सवलत हा दुसरा विषय, आणि इथे मात्र एजन्सीने चांगलं काम केलं. बाहेरून भरती केलेल्या कर्मचाऱ्याला पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम टॅक्सशिवाय देता येते, जास्तीत जास्त ५ वर्षं, आणि २०२७ पासून ती २७ टक्के होणार आहे. पण 'बाहेरून' म्हणजे काय तर नोकरी सुरू व्हायच्या आधीच्या २४ महिन्यांपैकी १६ पेक्षा जास्त महिने तुम्ही डच सीमेपासून १५० किलोमीटरपेक्षा लांब राहात असायला पाहिजे. म्युनिक लांब आहे, त्यामुळे आम्हाला प्रश्न नव्हता. पण ड्युसेलडॉर्फ, कलोन, ब्रसेल्स, अँटवर्प ही सगळी त्या पट्ट्यात येतात. ड्युसेलडॉर्फला आपले केवढे लोक आहेत, आणि तिथून आइंडहोव्हन तासा-दीड तासावर म्हणून खूप जण इकडे बघतात, तर त्यांनी ऑफरमधला नेट पगार या सवलतीशिवाय मोजावा, नाहीतर पहिल्या सॅलरी स्लिपला धक्का बसेल. अर्ज कंपनी आणि तुम्ही मिळून करायचा असतो आणि नोकरी सुरू झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत केला तरच पहिल्या दिवसापासून लागू होतो, आमच्या कन्सल्टंटने त्याची आठवण स्वतःहून दोनदा केली, जुने म्युनिकचे पत्ता-नोंदणीचे कागद पुरावा म्हणून आधीच मागून घेतले. त्याबद्दल खरंच आभार.

कागदपत्रांवर एक मोठी गोष्ट. म्युनिकला जाताना आमच्याकडे लग्नाच्या दाखल्यावर आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानावा म्हणून सरकार लावतं तो शिक्का) कुणी मागितलं नव्हतं, कारण जर्मनीने भारताच्या अपोस्टिलला हरकत घेतलेली आहे, ते मानतच नाहीत. नेदरलँड्स मानतं, आणि मागतं. म्हणजे जर्मनीत दोन वर्षं चाललेले कागद इथे चालत नाहीत. एजन्सीच्या लिस्टमधे फक्त एवढंच होतं की दाखले लीगलाइज करून आणा, कुठून, कसे, किती वेळ लागेल, काही नाही. महाराष्ट्रातल्या दाखल्यांचं आधी राज्याचं अटेस्टेशन होतं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. आमचे ओरिजनल दाखले म्युनिकमधे, आम्ही म्युनिकमधे, मग ते कुरियरने सांगलीला भावाकडे पाठवले, त्याने मुंबईची धावपळ केली आणि परत कुरियर. ऑफर सही करायच्या आधी, नुसती मुलाखत चालू असतानाच हे काम सुरू करून ठेवा, दाखला कुठल्याही देशात कामाला येतोच. याच्या उलट मुलाचा म्युनिकचा जन्मदाखला. तिथल्या नोंदणी कार्यालयातून बहुभाषिक आंतरराष्ट्रीय प्रत मिळते, ती युरोपियन युनियनमधे कुठलाही शिक्का, भाषांतर न करता चालते. दहा मिनिटांत स्वीकारली. एकाच घरातली दोन मुलं, एकाच्या कागदाला एवढा प्रवास आणि दुसऱ्याच्या नाही, जरा वाईट वाटलं.

आता निघायची बाजू. पॅकेजमधे फक्त पोहोचण्याची कामं होती, निघण्याची एकही नाही, आणि देशातून देशात जाताना अर्धं ओझं तेच असतं. जर्मनीत घर सोडायला ३ महिन्यांची नोटीस, तीही लेखी, सहीची, आणि महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पडली तर तो महिना धरतात. त्यामुळे दोन घरांची भाडी काही काळ भरावी लागतात, कंपनीकडे तेवढ्या रकमेची वेगळी मागणी करा, आम्हाला मिळाली. आबमेल्डुंग म्हणजे पत्ता रद्द करणं, हे निघायच्या जास्तीत जास्त एक आठवडा आधी करता येतं आणि निघाल्यावर दोन आठवड्यांच्या आत करावंच लागतं. ते सर्टिफिकेट जपून ठेवा, हेल्थ इन्शुरन्स बंद करायला, टीव्ही-रेडिओची फी (महिन्याला १८.३६ युरो, सोडत नाहीत ते) बंद करायला, इंटरनेटचा करार मोडायला, सगळीकडे तेच लागतं. इंटरनेटचं तर असं आहे की कंपनी नवीन पत्त्यावर सेवा देऊ शकत नसेल तर एक महिन्याच्या नोटिशीवर करार मोडायचा कायदेशीर हक्क आहे, मला फोनवर सांगितलं गेलं की दोन वर्षं पूर्ण करा, मी कायद्याचा उल्लेख करून लेखी पाठवलं आणि विषय संपला. जर्मन बँक अकाउंट लगेच बंद करू नका. डिपॉझिट परत यायला महिने जातात, शिवाय मधल्या वर्षाचा टॅक्स रिफंड तिथेच येतो.

यातली एकही गोष्ट एजन्सीने सांगितली नाही. विचारलं तर उत्तर मिळालं की आउटबाउंड हा वेगळा प्रॉडक्ट आहे.

पण घर. घरासाठी मी त्यांना साडेचार देतेय आणि ते मनापासून देतेय.

आइंडहोव्हनमधे घरांची परिस्थिती अशी आहे की फुंडा किंवा पारारियस या घरांच्या साइटवर सकाळी जाहिरात दिसली की दुपारपर्यंत व्ह्यूइंगचे स्लॉट भरलेले असतात. तुम्ही म्युनिकमधून मेल पाठवताय, फोन नंबर जर्मन, इथली पे-स्लिप नाही, तर एजंट उत्तर देण्याचे कष्टही घेत नाही. जर्मनीत घर मिळवायला जे शुफाचं क्रेडिट सर्टिफिकेट एवढं मिरवतो त्याला इथे कुणी विचारत नाही. इथे बघतात ते कंपनीचं पत्र आणि भाड्याच्या तीनपट किंवा जास्त ग्रॉस पगार. आमची कन्सल्टंट याच शहरात वाढलेली, तिची एजंट लोकांशी ओळख, तिने आमची फाइल बनवून आधीच चार-पाच जणांकडे फिरवली आणि आम्ही एका वीकेंडला मुलांना घेऊन आलो तेव्हा व्ह्यूइंग लागोपाठ लावलेली होती. प्रत्येक घराबद्दल ती आम्हाला बाहेर येऊन रस्त्यावर खरं बोलली. एक घर आम्हाला फार आवडलं होतं, ती म्हणाली खिडक्यांच्या काचा एकेरी आहेत, हिवाळ्यात गॅसचं बिल बघून रडाल. दुसऱ्या ठिकाणी म्हणाली शाळा सायकलने लांब पडेल, आणि इथे मुलं शाळेत सायकलनेच जातात, हे लक्षात घ्या. असं बोलणारं माणूस परक्या शहरात मिळणं याला मी पैसे मोजायला तयार आहे.

आणि करार. डच भाषेतला पंधरा पानी करार तिने आमच्यासोबत बसून ओळ न ओळ वाचला. त्यात एजंटने 'कॉन्ट्रॅक्ट फी' म्हणून काही शे युरो लावले होते, तिने ते तिथल्या तिथे खोडायला लावलं, कारण घरमालकाचा एजंट भाडेकरूकडून फी घेऊ शकत नाही. डिपॉझिट तीन महिन्यांचं लिहिलं होतं, ते दोनवर आणलं, १ जुलै २०२३ पासून दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही (जर्मनीत तीन महिन्यांचं कोल्ड रेंट म्हणजे हीटिंग वगैरे न धरता भाडं चालतं, त्यामुळे आम्हाला तीन ऐकून काही चुकीचं वाटलंच नसतं). करार एक वर्षाचा करायचा प्रस्ताव होता, तोही बदलला, कारण १ जुलै २०२४ पासून साधारणपणे बिनमुदतीचाच करार करावा लागतो, आणि भाडेकरू म्हणून आपण सहसा एका महिन्याच्या नोटिशीवर निघू शकतो. तिने घराचे पॉइंटसुद्धा मोजून दाखवले. इथे घराच्या आकार, ऊर्जा लेबल, सोयी यावरून पॉइंट लागतात आणि १८६ पॉइंटांपर्यंतच्या घरांच्या भाड्याला आता कायद्याची कमाल मर्यादा आहे, भाडेआयोगाच्या म्हणजे हूरकोमिसीच्या साइटवर कुणालाही मोजता येतं. आमचं घर त्याच्या वर गेलं, त्यामुळे भाडं कमी झालं नाही, पण निदान कळलं.

घराबद्दल अजून एक, जर्मनीतून येणाऱ्यांसाठी. म्युनिकला घर भाड्याने घेतलं की किचन नसतं, भिंती आणि नळाचं तोंड, ओटा-कपाटं-शेगडी आपण आणायची. इथे किचन असतं पण कित्येक घरांत जमीनच नसते, म्हणजे खाली नुसतं सिमेंट, आधीचा भाडेकरू लॅमिनेट उचलून घेऊन जातो. जाहिरातीत 'खेस्टोफेर्ड' लिहिलं असेल तर जमीन आणि पडदे आहेत असं समजा. दोन लहान मुलं, त्यात एक रांगणारा, सिमेंटवर कसं राहणार, म्हणून आम्ही तेवढी एक अट सोडली नाही. म्युनिकचं किचन आम्ही पुढच्या भाडेकरूला विकलं.

सामान हलवणं पॅकेजमधे नव्हतं, ते आम्ही वेगळं केलं आणि ती सर्व्हिस मला खूप आवडली. जर्मनीत बायलाडुंग म्हणतात, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रकमधे आपलं सामान जोडून. तारीख आपल्या मर्जीची मिळत नाही, दोन-तीन दिवसांची खिडकी देतात, पण पूर्ण ट्रकच्या मानाने निम्म्याहून कमी पैशात झालं. पूर्ण ट्रक तीन खोल्यांच्या संसाराला लागतही नाही. युरोपियन युनियनच्या आत कस्टम नाही, यादी नाही, त्यामुळे देव्हारा, कुकर, पोळपाट, सांगलीची हळद आणि कांदा-लसूण मसाल्याचा डबा सगळं तसंच कार्टनमधे गेलं. लंडनहून येणाऱ्या ओळखीच्यांना ब्रेक्झिटनंतर प्रत्येक वस्तूची यादी करावी लागली होती. म्युनिकमधे ट्रक उभा करायला नो-पार्किंगच्या पाट्या आधी परवानगी काढून लावाव्या लागतात, ते हलवणाऱ्यांनीच केलं, कोटमधे आहे ना तेवढं बघून घ्या. कपाटाच्या एका दाराला टवका गेला होता. जर्मन कायद्याने दिसणारं नुकसान सामान मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत कळवावं लागतं, लपलेलं १४ दिवसांत, आणि जबाबदारी घनमीटरमागे ६२० युरोपर्यंत. मी त्याच संध्याकाळी फोटो पाठवले, भरपाई आली. दमलेले असलात तरी त्या दिवशी सगळी खोकी नाही, पण मोठं फर्निचर तपासूनच झोपा.

पोहोचल्यावरचं. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर आल्यापासून ५ दिवसांत नगरपालिकेत म्हणजे खेमेंटेमधे नोंदणी करायची असते, त्यावर बीएसएन म्हणजे इथला नागरिक क्रमांक मिळतो आणि त्याच्याशिवाय पगारही नीट होत नाही. आइंडहोव्हनमधे हॉलंड एक्स्पॅट सेंटर साउथ आहे जिथे नगरपालिका आणि आयएनडीची कामं एकाच ठिकाणी होतात. अपॉइंटमेंटला चौघं गेलो, बोटांचे ठसे, फोटो, दाखले तपासणी, पत्ता नोंदणी, सगळं एका बैठकीत, मुलांसाठी खेळणी ठेवलेली, समोरची बाई शांतपणे इंग्लिशमधे समजावत होती. नवऱ्याच्या कार्डावर काम करायला पूर्ण मोकळीक असं छापून येतं, त्याला वेगळं वर्क परमिट लागत नाही. या सेंटरला मी ५ पैकी ५ देते. एजन्सीची कन्सल्टंट त्या दिवशी सोबत आली होती आणि तिला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, पॅकेजमधे मात्र त्या अर्ध्या दिवसाचे पैसे लावलेले होते.

सेटलिंग इनला दोन का दिले ते सांगते. हेल्थ इन्शुरन्सच्या नावाखाली त्यांनी एक लिंक पाठवली, बस. खरं सांगायला पाहिजे होतं ते हे की जर्मनीत सरकारी विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं फुकट येतात, पगाराच्या टक्क्यात सगळं घर. इथे प्रत्येक प्रौढाचा वेगळा प्रीमियम, दर महिन्याला दीडशे युरोच्या आसपास किंवा वर, नवरा कमावत नसला तरी. १८ खालची मुलं फुकट. शिवाय वर्षाचे पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून (फॅमिली डॉक्टरची भेट त्यात धरत नाहीत), आणि मोठ्यांचे दात बेसिक विम्यात नाहीत. विमा ४ महिन्यांच्या आत काढायचा असतो पण प्रीमियम नोंदणीच्या तारखेपासून मागे लागतो, त्यामुळे उशीर करून पैसे वाचत नाहीत. म्युनिकमधे कानाच्या डॉक्टरकडे थेट जायचो, इथे आधी हाउसआर्ट्स म्हणजे फॅमिली डॉक्टर, त्याने चिठ्ठी दिली तर पुढे. आणि घराजवळचे बरेच हाउसआर्ट्स नवीन पेशंट घेत नाहीत. आम्हाला सोसायटीतल्या एका मराठी ताईंनी जागा असलेला दवाखाना सांगितला, सोबत पहिल्या दिवशी वरण-भाताचा डबाही दिला.

शाळेचंही तसंच. पॅकेजमधे 'स्कूल सर्च' होतं पण लिस्टमधे सगळ्या इंटरनॅशनल शाळा, महागड्या. इथे मुलं चार वर्षांची झाली की शाळेत जातात आणि पाचव्या वर्षापासून सक्तीचं आहे, जर्मनीत मुलगी अजून किंडरगार्टनमधे होती. साधी डच सरकारी अनुदानाची शाळा फुकट असते आणि नव्याने आलेल्या मुलांसाठी भाषेचे वेगळे वर्ग काही शाळांमधे असतात, ते मी स्वतः खेमेंटेला विचारून शोधलं. मुलीला जर्मन येत असल्यामुळे डच फार लवकर कानात बसली, आता शेजारच्या मुलींशी खेळताना तिन्ही भाषा वापरते आणि आमच्याशी सांगलीची मराठी. मुलांच्या भत्त्याचंही कुणी सांगितलं नाही. जर्मनीचं किंडरगेल्ड (२०२५ मधे मुलामागे महिन्याला २५५ युरो) निघालात की लगेच बंद करायला कळवा, नंतर वसूल करतात, आणि इथला भत्ता दर तीन महिन्यांनी एकदा येतो.

जर्मनीत ड्रायव्हिंग लायसन्स काढलं असेल तर ते इथे चालतं, हा मोठा दिलासा. भारतीय लायसन्स मात्र एरवी बदलून मिळत नाही, ३० टक्क्यांची सवलत मिळाली असेल तर बदलता येतं, आणि घरच्यांचंही. नवऱ्याने जर्मनीत परीक्षा दिली नव्हती, त्याचं असंच झालं.

तर तुम्ही ऑफर घेऊन बसला असाल तर एचआरला सही करायच्या आधी विचारा की पॅकेजऐवजी तेवढे पैसे रोख देता का, किंवा निदान त्यातली घर शोधण्याची आणि करार तपासण्याची सर्व्हिस ठेवून बाकीच्याचे पैसे सामान हलवणं आणि दुहेरी भाड्याकडे वळवता येतात का. माझ्यानंतर जॉइन झालेल्या बार्सिलोनाच्या एका सहकाऱ्याला त्यांनी तसं करून दिलं. आणि पहिल्या वर्षाचा टॅक्स भरायला माणूस मिळतो का तेही विचारा, कारण स्थलांतराच्या वर्षाचा इथला फॉर्म वेगळा असतो, एम-फॉर्म, लांबलचक आहे, त्यात जर्मनीत कमावलेलं उत्पन्नही दाखवावं लागतं. आमच्या कंपनीने तो खर्च मान्य केलाय, लेखी घेतलाय.